एका लायसन्सवर दोघं

मंडळी, चार तास झाले तरी तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहिते आहे.

यंदा मासेमारीच्या लायसन्सची फी पुन्हा वाढली. आमच्या ह्यांनी ठरवलं, "गळ एकच, मग लायसन्स दोन कशाला?" त्यांच्या एकट्याच्या नावाने काढलं. मलाही ते पटलं होतं, हे कबूल करते.

आज सकाळी इथल्या अर्विंग शहराजवळच्या तळ्यावर गेलो. "जरा धर गं, डबा गाडीतच राहिला," म्हणत ह्यांनी गळाची काठी माझ्या हातात दिली. तेवढ्यात मागून मासेमारीची तपासणी करणारा वॉर्डन आला आणि त्याने लायसन्स मागितलं.

"नवऱ्याकडे आहे," मी म्हणाले.

"मॅडम, काठी तुमच्या हातात आहे."

हे डबा घेऊन धावत आले, पण उपयोग झाला नाही. दंडाचं तिकीट माझ्या नावाने फाटलं.

पुढच्या महिन्यात माझी अमेरिकन सिटिझनशिपची मुलाखत आहे. असं तिकीट कधी मिळालं का, हे तिथे विचारतात.

हे म्हणाले, "अगं, मासेमारीचं कोण बघतंय? गप्प राहा."

"मी खोटं बोलणार नाही," मी बजावलं. बजावलं खरं, पण भीती वाटतेय. मुली इथे, नातवंडं इथे. मुलाखत घेणाऱ्यांनी सिटिझनशिपला नाही म्हटलं तर?

फी वाढली म्हणून तुमच्याही घरी एकावरच भागवत असाल, तर आजच थांबा. आणि मुलाखतीत असं तिकीट कोणी सांगितलंय का? पुढे काय झालं? खरं तेच लिहा. मला धीर द्यायला लिहू नका.