डाळ संपली

“तूर नको रं, मसूर दे.”

वर्कशॉपच्या मागून आवाज आला. मला वाटलं, लंगर, म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, तिकडे हलवलं. जाऊन पाहिलं तर नाईक कोकरे एका जवानाला घेऊन मोडीतल्या वायरलेस सेटमधून सिरॅमिक कपॅसिटर काढत होते. दोन तारांच्या, चपट्या, तपकिरी टिकल्या. मोठी ती तूर, लहान ती मसूर.

काश्मीरमधला आमचा बेस. सैन्यात मुली नुकत्याच अधिकारी होऊ लागल्या होत्या. मी सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन दलात, लेफ्टनंट. माझं घर बारामतीत, कोकरेंचं सांगवीला. मी इंग्रजी शाळेतली, कमी बोलणारी.

“मॅडम, बोलायला बी रेशन लागतं व्हय?” ते विचारायचे.

सुट्टीवर जाताना ते परवानगी घेऊन ही डाळ गावच्या शाळेसाठी न्यायचे. मुलं त्यातून लुकलुकणारे दिवे जोडायची. हळूहळू आमचं सगळं सेक्शन डाळच म्हणू लागलं.

जानेवारीत कोकरे वरच्या पोस्टवर गेले. कपॅसिटर जळून तिथला सेट बंद पडला. उरली फक्त टेलिफोन लाइन, आणि ती बर्फात कधीही तुटायची. सेट बंद आहे हे उघड्या लाइनवर बोलायचं नसतं. त्यांनी निरोप दिला, “डाळ संपली. लगेच पाठवा.”

मी त्या दिवशी ब्रिगेडला गेले होते. एक्स्चेंजवर नवा ऑपरेटर होता, इंदापूरकडचा. आमचा शब्द त्याला कुणी सांगितला नव्हता. त्याने निरोप रेशनला दिला. पोर्टर पोतं घेऊन वर गेले.

परतल्यावर कोकरेंचा फोन आला. ते हसत होते.

“मॅडम, खरी तूरडाळ आलीया! आता हिला फोडणी देऊ का?”

मीही हसले. मग विचारलं, “पुढची खेप?”

“आठवड्यानं. तवर लाइन टिकत न्हाय. मीच येतो खाली, कमांडरसाहेबांनी परवानगी दिलीया.”

“हवामान?”

“आत्ता उघडलंय. आउट.”

दुपारी उतारावरचा बर्फ सुटून खाली आला. लाइनही त्यातच गेली. पोस्ट मुकी, त्यामुळे कोकरे कधी निघाले हे आम्हाला कळलं नाही; संध्याकाळपर्यंत ते पोचले नाहीत, तेव्हा शोध सुरू झाला. दुसऱ्या दिवशी ते बर्फाखाली सापडले. अंगावर जखम नव्हती.

नोकरी संपल्यावर मी सांगवीला गेले. शाळेत स्मृतिदिनी कोकरेंच्या फोटोला हार घातला होता. भाषणं झाली. एक वक्ता म्हणाला, शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलल्या. दुसऱ्याने गोळ्यांचा आकडाही सांगितला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला बोलायला सांगितलं. मी मान हलवून नको म्हटलं.

कोकरेंचे वडील, तात्या, माझ्या शेजारी बसले होते. मंडप रिकामा झाला, तेव्हा ते हळूच म्हणाले, “पोरी, तू तितं हुतीस. लई जण हुतं का गं समोर? एकटा किती येळ लढला आसंल?”

मी हातातली सैन्यातली जुनी टोपी खाली ठेवली.

“तात्या,” मी म्हणाले, “समोर कुणीच नव्हतं.”