मास्तरणीची आई

त्या उन्हाळ्यात आम्ही गावाला गेलो नाही. ह्यांना सुट्टी मिळाली नाही आणि मुलगी बारावीला जाणार होती. अजमानमध्ये जुलै-ऑगस्ट काढायचे म्हणजे एसीच्या खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचं. हे पहाटे कंपनीच्या बसने दुबईला जायचे ते अंधार पडल्यावर परत. घरात आम्ही दोघीच. मी बिल्डिंगमधल्या एकट्या राहणाऱ्या माणसांचे डबे करायची आणि मुलगी कॉम्प्युटरसमोर बसायची. इंटरनेट चालू असलं की घरचा फोन बंद, त्यामुळे ह्यांची कायम चिडचिड.

तेव्हा तिला एका ज्ञानकोशाचा नाद लागला होता. इंटरनेटवरचा ज्ञानकोश, कोणीही लिहावा असा. तिने अमेरिकेतल्या एका जुन्या काळच्या शिक्षिकेवर लेख लिहायला घेतला. गुलामगिरी संपल्यावर ह्या बाईने आपल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. मी ‘काळी मास्तरीण’ म्हटलं तर मुलीने लगेच टोकलं, “आई, आफ्रिकन-अमेरिकन म्हणायचं.” मग मी नुसती ‘मास्तरीण’च म्हणू लागले. मला तिची गोष्ट आवडत होती. ओल्या लाकडाच्या धुरात मुलं कशी शिकायची, गोऱ्यांनी शाळा कशी जाळली, तिने ती पुन्हा कशी उभी केली, हे सगळं मुलगी सांगायची आणि मी चपात्या लाटत ऐकायची.

लेख पुरा झाल्यावर तिने तो तपासायला ठेवला. त्याला पिअर रिव्ह्यू म्हणतात. पिअर म्हणजे काय, असं मी विचारलं.

“म्हणजे इक्वल्स. बरोबरीचे लोक. कोणीही येऊन चुका दाखवू शकतं.”

“त्यांचं शिक्षण कोण विचारतं?”

“कोणीच नाही. नोबडी केअर्स.”

हे माझ्या मनात राहिलं. माझं शिक्षण चौथी. आमच्या वाडीत शाळाच तेवढी होती, पुढची शाळा खाडीपलीकडे आणि मुलीला तरीच्या होडीतून एकटी पाठवायची नाही, असं घरात ठरलेलं. इथे आल्यावर मी चारचौघांत बोलायचं टाळतच आले. मुलीच्या शाळेत पेरेंट्स मीटिंगला हेच जायचे. मुलीने कधी ‘आई, तू येऊ नकोस’ म्हटलं नाही, पण ‘चल’ही म्हटलं नाही.

तर त्या दिवशी तिने मला सगळा लेख पहिल्यापासून वाचून दाखवला. एक वाक्य इंग्रजीत, मग मराठीत. मास्तरणीच्या वडिलांबद्दल बरंच होतं. ते सुतार होते, चर्चमध्ये मुलांना अक्षरं शिकवायचे, त्यांनी जमिनीचा तुकडा घेतला, ते कशाने वारले. मग ती म्हणाली, “तिची आई निरक्षर होती.” आणि पुढचा परिच्छेद सुरू केला.

“थांब,” मी म्हटलं. “आणि?”

“आणि काय?”

“आईचं पुढे काय?”

“पुढे काही नाही. नेक्स्ट इज हर स्कूलिंग.”

मी लाटणं खाली ठेवलं. “बाप सुतार, आई निरक्षर. निरक्षर हा काय धंदा झाला?”

तिला आधी हसू आलं. मग माझ्याकडे बघून तिने ते आवरलं. “आई, इट्स अ फॅक्ट. पुस्तकात आहे. मी वाईट असं कुठे म्हटलंय?”

“वाईट म्हटलं नाहीस. बापाला काय येत होतं ते सांगितलंस आणि आईला काय येत नव्हतं ते सांगितलंस. ती दिवसभर भिंतीकडे बघत बसायची का?”

“तू पर्सनली का घेतेस?”

पर्सनली घेतलं होतंच. ही मुलगी हुशार आहे, उद्या कुठेतरी पोचेल आणि कोणीतरी तिच्यावरही लिहील. वडील अमुक कंपनीत स्टोअरकीपर, आई चौथी पास. संपलं. आणि लिहिणाऱ्याला ते सांगणारी हीच असेल. मला कुठे मिरवायचं नव्हतं, पण एका नकारात मावायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने विषय विसरायचा प्रयत्न केला. मी विसरू दिला नाही. म्हटलं, “कोणीही तपासू शकतं म्हणालीस ना? मग माझं म्हणणं लिही.”

“तुझं अकाउंट नाहीये.”

“मग काढ.”

तिने काढलं. नाव काय घेतलं ते इथेही लिहीत नाही. मी उभी राहून बोलत गेले, ती टाइप करत गेली. मी बराच वेळ बोलले आणि पडद्यावर दोनच ओळी दिसल्या.

“एवढं बोलले त्याचं एवढंसंच?”

“आई, पोलाइटली लिहावं लागतं.”

“पोलाइट राहू दे. पण धंद्याचं आलंय का?”

तिने ओठ चावला आणि धंद्याचंही लिहिलं.

संध्याकाळी हे आले, बूट काढता काढता सगळं ऐकलं. “वा! अमेरिकेचा कारभार आमच्या किचनमधून? फोन लागत नाही तो ह्याच्यासाठी? यल्ला, चला, आधी जेवायला वाढा.” जेवताना पुन्हा म्हणाले, “अगं, ती बाई मेली त्याला किती वर्षं झाली. तुला काय त्याचं?” मी त्यांना आमटी वाढली. पण ‘तुला काय त्याचं’ हे मला मुलीच्या उत्तरापेक्षाही जास्त लागलं.

उत्तर आलं ते एका टोपणनावाच्या माणसाचं. बाई की पुरुष कळायला मार्ग नव्हता. भाषा सभ्य होती. मुद्दा चांगला आहे, पण आधार असेल तेवढंच आपण लिहितो. निरक्षर असणं ही नोंदलेली गोष्ट आहे. ती वाईट वाटते म्हणून काढली तर लेख एका बाजूचा होईल.

मुलगी खुर्चीत मागे रेलली. “बघ. खलास.”

“काढा कोण म्हणतंय?” मी म्हटलं. “लिही त्याला. निरक्षर राहू दे. मी स्वतः चौथी आहे, मी ते लपवत नाही. पण ती काय करायची तेही लिहा. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा.”

“‘माहीत नाही’ असं लिहायलाही आधार लागतो, आई.”

“मग शोध.”

“कुठे शोधू? सगळं पुस्तक मी वाचलंय.”

“परत वाच.”

ती पाय आपटत उठली, पाणी प्यायली, परत बसली. ते जुनं पुस्तक कोणीतरी पान पान फोटो काढून इंटरनेटवर ठेवलं होतं. एकेक पान उघडायला इतका वेळ लागायचा की मधल्या वेळात माझी भाजी चिरून व्हायची. दोन पानं उघडली की लाइन तुटायची. ती वैतागायची, “धिस इज यूसलेस” म्हणायची आणि पुन्हा लावायची. मी मात्र तिथून हलत नव्हते.

तिसऱ्या प्रहरी तिचा आवाज आला. “आई.” इतका हळू की मी गॅस बंद करूनच गेले.

मास्तरणीची आई गोऱ्यांच्या घरचं धुणं धुवायची. कपडे पोचवायला घरोघर जायची, त्यामुळे तिला सगळी वस्ती ओळखायची. तिची मुलगी शाळा काढतेय म्हटल्यावर कोणी आपली मुलं पाठवेना. लोक घाबरले होते, शिवाय मुलं शेतात कामाला लागत. तेव्हा ही धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन दारोदार फिरली आणि पहिल्या वर्गाची मुलं तिने गोळा केली. एका घरी तर मूल हातात मिळेपर्यंत पायरीवर बसून राहिली. शाळेची पहिली मुलं तिच्यामुळे आली, असं त्या पुस्तकात सरळ लिहिलं होतं. वडिलांच्या सुतारकामाच्या खालीच, त्याच पानावर.

“हे पान मी वाचलं होतं,” मुलगी मराठीत म्हणाली. “वडिलांचं इथूनच घेतलं. हे मी... मला वाटलं, हे इम्पॉर्टंट नाही.”

मला बरं वाटेल असं तिला वाटलं असावं. मला राग आला, पहिल्या दिवसापेक्षा जास्त. पुस्तकात ती नसती तर एक वेळ समजलं असतं. ती होती, छापलेली होती आणि माझ्या पोरीचा डोळा तिच्यावरून पुढे गेला.

“इम्पॉर्टंट कोण ठरवतं?” मी विचारलं. तिने मान खाली घातली. मी तिला जवळबिवळ घेतलं नाही. म्हटलं, “आधी ते लिही.”

तिने लिहिलं. मी वाचायला लावलं. तिने पुन्हा ‘निरक्षर’ आधी घातलं होतं. मी ते मागे न्यायला लावलं. शेवटी असं झालं: आई धुणं धुवायची, शाळेच्या पहिल्या वर्गाची मुलं तिने घरोघरी फिरून आणली, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. खाली पुस्तकाच्या पानाचा आकडा. टोपणनाववाल्याने लिहिलं की ही दुरुस्ती ह्या सगळ्या तपासणीतली सर्वांत चांगली आहे, आणि माझ्या खोट्या नावाचे आभार मानले. हे जेवताना म्हणाले, “म्हणजे बाईसाहेबांचं ऐकलं तर अमेरिकेने! आम्ही कोण?” मी म्हटलं, “तुम्ही पण ऐका.” लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदा म्हटलं असेन. ते घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

लेख पास झाला. पण माझं तेवढ्यावर भागलं नाही. तपासायला ठेवलेले दुसऱ्यांचे लेख मुलगी मला सांगू लागली, आणि मी एकच विचारायची: “ह्याची आई कुठे आहे?” बहुतेक वेळा ती नसायचीच. एका पूल बांधणाऱ्या इंजिनिअरवरच्या लेखात त्याचे वडील होते, काका होते, ज्याने गणित शिकवलं तो शेजारी होता आणि त्याच्या कुत्र्याचं नावही होतं. आम्ही खाली विचारलं. लेख लिहिणाऱ्याचं उत्तर आलं की आईचा ह्या विषयाशी संबंध नाही.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. “सोडून देऊ या का, आई? हा माणूस रागावलाय.”

“रागावू दे,” मी म्हटलं. कणीक झाकून ठेवली, हात पुसले आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. “लिही परत.”