रुमालातला घेवडा

इस्त्रीच्या दुकानातल्या बाईंना गिऱ्हाइकं 'बाई' म्हणत आणि घरचे सगळे 'छोटी'. केस पांढरे झाले तरी छोटीच. मोठी ताई होती, आणि तिच्यापुढे ही कायमची छोटी. ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली.

भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, एक दिवस दुकानात आले ते बिस्किटांचा जुना डबा घेऊन. आत ताईने राखून ठेवलेल्या घेवड्याच्या बिया. तिच्या खिडकीवर चढणारा जांभळ्या फुलांचा तो वेल नंतर कुणी लावलाच नव्हता.

"या आता उगवतील का गं, छोटे?" भाऊजींनी विचारलं. "मला तर पेरायचा धीरच होत नाही. नाही आल्या, तर ती पुन्हा एकदा गेल्यासारखं होईल."

"अर्ध्या भिजवून बघू," ती म्हणाली. "अर्ध्या डब्यातच राहू द्या."

ओल्या रुमालात बिया ठेवून तिने चौपदरी घडी घातली आणि टेबलाच्या उबदार कोपऱ्यात ठेवून दिली. रोज वरून थोडं पाणी शिंपडायची, पण उलगडून बघायची काही छाती होईना. बघितलं नाही तोवर आशेला जागा आहे, असा बाईसाहेबांचा सरळ हिशोब.

मग एका दुपारी वाफेने दुकान धूसर झालं होतं. चादरी झाल्या, सदरे झाले. हात आपले चालत होते आणि मन ताईच्या खिडकीत जाऊन बसलं होतं. वेलाच्या आडून ताई हाक मारत होती, "छोटे, शेंगा तोडायला ये, नुसती बघत काय उभी राहिलीस?" पानांतून हिरवा उजेड झिरपत होता. त्या उजेडातच हातांनी कोपऱ्यातली ओलसर घडी ओढली आणि वरून इस्त्री दाबली. रुमाल उलगडत बसायचं नसतं, घडीवर एक दाब दिला की झालं, एवढंच हातांना ठाऊक.

चर्र झालं. भाजलेल्या शेंगांसारखा वास सुटला.

इस्त्री उभी करून ती मटकन खाली बसली. स्वतःला तोंडाला येईल ते बोलून घेतलं, रडून घेतलं. मग डोळे पुसायला नेमका तोच रुमाल उचलला, आणि बिया मांडीवर सांडल्या. चेपलेल्या, फुटलेल्या. पण जवळजवळ प्रत्येकीला एक इवलासा मोड आलेला होता, आता करपून तपकिरी झालेला.

एकेक मोड तिने बोटाने चाचपून बघितला. मग गिऱ्हाइकांचे कपडे तसेच टाकून, उरलेल्या बियांचा, दुकानातच ठेवलेला डबा काखोटीला मारून थेट भाऊजींकडे गेली.

"भाऊजी, कुंडीत माती भरा."

"उगवल्या?"

"उगवल्या होत्या. मी मारल्या." बोलता बोलता तिला हसू फुटलं. "या हातांनी, इस्त्रीखाली. जिवंत होत्या म्हणून तर मेल्या, भाऊजी!"

डब्याचं झाकण भाऊजींनीच उघडलं, आणि ताईच्या खिडकीतल्या कुंडीत पहिली बी स्वतःच्या बोटाने दाबली.