म्यानात अडकलेलं नाव

खंडेनवमीचा आदला दिवस. स्थळ: माझं वर्कशॉप, वडगाव. हजर: जुन्या धातूच्या वस्तू दुरुस्त करणारी मी, निपाणीचे आप्पा, त्यांची सून मेघा. यायचे बाकी: आप्पांच्या भावकीतले अण्णा, हिंडलग्याहून.

टेबलावर तलवार. पातं गंजून म्यानात अडकलेलं. आप्पा मूठ धरून ओढायला निघाले.

"आप्पा, सोडा. आत सोन्याची अक्षरं असतील तर खरवडून निघतील."

ही लढायची तलवार नव्हे. संस्थानिक दरबारात मान म्हणून द्यायचे, तशी भेटीची. ज्याला दिली त्याचं नाव पात्यावर असतं. पोलादावर बारीक खाचा पाडून त्यात सोन्याची तार ठोकून बसवतात. याला कोफ्तगिरी म्हणतात. मुठीवरची कधीच गेली होती. दर खंडेनवमीला घरचे मूठ चिंचेनं घासत आले होते.

सगळं नावावर अडलं होतं. आप्पांचे पणजोबा सुभानजी, अण्णांचे येसाजी. सख्खे भाऊ. ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी तलवार, असं ठरलेलं. आजवर ती आप्पांच्या देवघरात होती.

मी म्यानावरच्या मखमलीची शिवण उसवली. आतल्या लाकडी पट्ट्या सोडवल्या. पातं उघडं पडलं. भिंग धरलं.

'येसाजी यांस.'

आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग पिशवीतून चिंचेचा गोळा काढला.

"मॅडम, गंज लई हाय. जरा घासूया की. उद्या पूजा हाय."

"अक्षरं जातील, आप्पा."

"ठावं हाय मला."

"मामा, ठेवा ती चिंच," मेघा म्हणाली. "मी बी वाचलंय."

मी पात्यावर कापड टाकलं आणि वर हात ठेवला. बाहेर स्कूटर थांबली. अण्णा दारातूनच बोलले, "काय रं, निघाली का अजून कुस्तीच चाललीया?"

आप्पांनी चिंच पिशवीत टाकली. माझा हात बाजूला केला. कापड स्वतः उचललं.

"वाच. तुझ्या पणज्याची हाय."

अण्णांनी वाचलं. "मग उद्या पूजा कुठं?"

"तुझ्या घरी."

"माझ्या फ्लॅटात देवच दाटीनं बसल्यात. हिला कुठं ठेवू?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी पूजा माझ्याच टेबलावर केली. हळद-कुंकू मी फक्त टेबलाला लावू दिलं.

तेव्हापासून एक नियम केला आहे: दोन्ही बाजू समोर बसल्याशिवाय म्यान उघडायचं नाही.

म्यान शिवून झालं आहे. तलवार कुणाच्या घरी पोचवायची, ते दोघांनी अजून कळवलेलं नाही.