खांद्यावरचा हात

माझा भाऊ विश्वजीत सांगलीत बाळासोंच्या स्टुडिओत फोटो धुवायचा. कुणी समोर आलं की हा खाली बघणार, नाव विचारलं की शर्टाचं बटण फिरवत बसणार. पण अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली त्याच्याइतका हुशार कारागीर साऱ्या सांगलीत नव्हता. आमच्या माधवनगरात लोक त्याला येडं म्हणायचे. डॉक्टरांनी त्याच्या वागण्याला कधी काही नाव दिलं नाही. येडे तुम्ही, असं मी लोकांच्या तोंडावर म्हणायचे.

एकदा सांगितलेला शब्द त्याच्या डोक्यातून परत काढता यायचा नाही. लहानपणी रागाच्या भरात मी म्हटलं होतं, "माझ्या पाटाला हात लावायचा न्हाई." मी कॉलेजात गेले तरी जेवायला बसताना तो माझ्या पाटाला वळसा घालून जायचा. अरे लाव की हात, असं शंभरदा सांगून झालं. नाही म्हणजे नाही.

दर दसऱ्याला तो घरच्यांचा फोटो काढायचा. खंडेनवमीला आण्णा गिरणीतल्या आपल्या पान्यांबरोबर त्याच्या कॅमेऱ्यालाही झेंडूची माळ घालायचे. दुसऱ्या दिवशी अंगणात खडूच्या चार फुल्या पडायच्या: आण्णा, आई, मी आणि अगदी कडेला तो. टायमर लावून दहा सेकंदांत तो पळत यायचा आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. एरवी कुणाचा धक्का लागला तरी कळवळणारा पोरगा! भाऊ बहिणीच्या खांद्यावर हात ठेवतो, असं बाळासोंनी त्याला शिकवलं होतं. त्या एका हातासाठी मी वर्षभर दसऱ्याची वाट बघायचे. फोटो आला की तो बोटानं मोजायचा, "आण्णा, आई, ताई, मी." एरवी भूक लागली तरी 'विशूला भूक लागली' म्हणायचा. स्वतःला 'मी' म्हणायचा तो फक्त फोटोत.

पंच्याण्णव साली साताऱ्याजवळच्या एका बागायतदार घरातून मला स्थळ आलं. मुलगा, सयाजी, फौजेत होता. त्यांनी घरच्या सगळ्यांचा फोटो मागितला आणि आण्णांचं धाबं दणाणलं. घरात असा मुलगा आहे कळल्यावर पोरगी कोण करून घेणार? त्यांनी विशूलाच सांगितलं, "दसऱ्याचा फोटो मोठा करून ठेव. तू त्यात दिसायचं न्हाईस. पण तुझी ताई, माला, पुरी आली पायजे."

मी तिथंच होते. माझी जीभ एवढी तिखट, पण त्या दिवशी हलली नाही. लग्न माझंच होतं ना.

त्यानं सांगितलं तस्सं केलं. स्वतःला कापून टाकलं. मी मात्र पुरी आले, आणि माझ्या खांद्यावर त्याची चार बोटं राहिली. ती काढायची तर माझा खांदा कापावा लागला असता. मध्यस्थ स्टुडिओतूनच पाकीट घेऊन गेले, त्यामुळे आम्ही कुणी ते उघडून बघितलं नाही.

पाहुणे बघायला आले त्या दिवशी विशूला स्वयंपाकघरात बसवलं होतं. सयाजीच्या आईनं, बनुबाईंनी, पिशवीतून फोटो काढला.

"पोरी, ह्यो हात कुणाचा गं?"

आण्णांनी फोटोकडं बघितलं. मीच बोलले, "शेजारच्या काकींचा. आमच्या घरातलं न्हाई कुनी."

दाराआड भांडं वाजलं. पोह्यांच्या बशा घेऊन तो तिथंच उभा होता.

लग्न झालं, बनुबाई माझ्या आत्याबाई झाल्या. दोन महिन्यांनी मला राहवलं नाही, सासूबाईंपुढं सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "मग आदीच सांगायचं न्हाई व्हय? माझ्या दिराचं पोरगं बी तसंच हाय. त्यो काय कुनाला खातोय?" मला हसावं की रडावं कळेना. ज्यांच्यापासून लपवलं, त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

दसऱ्याला सयाजी सुट्टीवर आले, आम्ही माहेरी गेलो. बनुबाई खास विशूला बघायला आल्या. अंगणात खडूच्या पाच फुल्या होत्या. आम्ही पाच जण उभे राहिलो तरी विशू कॅमेऱ्याच्या मागंच.

"विशू, ये की रं," मी म्हटलं.

"विशू घरातला न्हाई. ताईनं सांगितलंय."

आण्णांनी हात जोडले. बनुबाई म्हणाल्या, "ये लेकरा, माझ्या शेजारी थांब." मी जवळ जाऊन रडत सांगितलं, खोटं बोलले रे मी, चुकले. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. मी माझ्या फुलीवर परत जायची तो वाट बघत होता. मला तो पाट आठवला. मी गेले, उभी राहिले.

त्या फोटोत मी कडेला आहे. सवयीनं एक खांदा जरा खाली घेतलाय. फोटो आला तेव्हा विशूनं बोट ठेवत मोजलं, "आण्णा, आई, आत्याबाई, दाजी, ताई." मी थांबले. आई थांबली. त्यानं फोटो पाकिटात घातला.