उष्टी शिट्टी

मुलींच्या हॉस्टेलच्या रेक्टरबाईंना पोरी पाठीमागे ‘शिट्टी’ म्हणायच्या, आणि ते बाईंना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. गुडघा निकामी होईपर्यंत बाई एका शाळेत पोरींना मैदानावर पळवत होत्या. गुडघा गेला, मैदान गेलं, गळ्यातली पितळी शिट्टी तेवढी राहिली. ती वाजली की वाहते नळ बंद व्हायचे आणि जिन्यात फोनवर कुजबुजणारी पोरगी पायरी चुकायची. लग्नाच्या भानगडीत बाई पडल्याच नाहीत. थोरली बहीण फोनवर चिडवायची, "बाई गं, दीडशे पोरींची आई तू. जावयांना बसायला सतरंज्या तरी आहेत का?" त्यावर बाई फोन ठेवून द्यायच्या आणि मग एकट्याच हसायच्या.

त्यांचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होती. एकमेकींचं उष्टं खायचं नाही, प्यायचं नाही. कावीळ येवो, कांजिण्या येवोत, डोळ्यांची साथ येवो, बाईंचं पालुपद तेच. एका बाटलीला दोन तोंडं लागलेली दिसली की बाई शांतपणे विचारायच्या, "लावू का घरी फोन?" एवढ्यानं काम व्हायचं. घरी फोन म्हणजे पुष्कळजणींच्या बाबतीत शिक्षण बंद, सामान बांधा, चला.

त्या सकाळी फोन बाईंनाच आला. पलीकडून इस्पितळाचे डॉक्टर बोलत होते.

"काल संध्याकाळी तुम्ही तापानं फणफणलेली मुलगी आणलीत, तिच्या मेंदूच्या आवरणाला सूज आहे. जंतूंची."

"वाचेल ना?"

"आम्ही झटतोय. तुम्ही बाकीच्यांचं बघा. हे थुंकीतून जातं. जिनं जिनं तिचं उष्टं खाल्लं-प्यायलं असेल, तिच्या पोटात आज प्रतिबंधाची गोळी गेलीच पाहिजे. ताप चढल्यावर गोळीचा उपयोग नाही, मग थेट इथंच आणायचं."

"सगळ्याच पोरींना देऊन टाकते की."

"सगळ्यांना द्यायची नसते ती. आणि हॉस्टेलाबाहेर कुणी असेल तर? नेमकी माणसं शोधा, बाई. एक जरी सुटलं ना..."

बाईंनी मेसमध्ये सगळ्यांना गोळा केलं. इस्पितळातून आलेली सिस्टर स्टीलच्या ट्रेमध्ये गोळ्या घेऊन उभी. मेसच्या मावशींनी शेगड्या बंद केल्या. बाईंनी आजार सांगितला, धोका सांगितला, आणि विचारलं, "तिचं उष्टं कुणी खाल्लंय?"

एक हात वर होईना.

"तिच्या बाटलीतलं पाणी? चमचा? अर्धं सफरचंद?"

पोरी जमिनीकडे बघत होत्या. आजारी मुलीची खोलीतली जोडीदारीण, सगळ्या जिला काडी म्हणायच्या ती, ओढणीचं टोक पिळत होती. बाईंचा आवाज चढला, "खोटं बोलाल तर याद राखा!" तशा सगळ्या आणखी आक्रसल्या. दीडशे पोरींत कुणी कुणाचं उष्टं खाल्लं नाही, हे खरं कसं असेल? इतकी वर्षं दमात घेऊन घेऊन आपणच यांच्या तोंडाला कुलूप घातलं, आणि आता किल्ली आपल्याकडेच नाही.

सवयीनं त्यांचा हात शिट्टीकडे गेला. शिट्टी ओठांना लागणार, तोच मागच्या ओळीतून एक गुटगुटीत पोरगी किंचाळली, "मॅडम, नको! वाजवू नका!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिची पाचावर धारण बसली होती, पण आता मागे फिरायला वाट नव्हती.

"परवा तुम्ही शिट्टी टेबलावर ठेवून हात धुवायला गेला होता, तेव्हा तिनं तुमची नक्कल केली. कमरेवर हात ठेवून, गुडघा ओढत... आणि शिट्टी तोंडात धरली. आम्ही हसलो. तेवढ्यात तुम्ही आलात आणि लगेच वाजवलीत."

बाई शिट्टीकडे बघत राहिल्या. जन्मभर उष्ट्यावर भाषणं ठोकली, आणि उष्टं आपल्याच गळ्यात लोंबत होतं! रागाची तिडीक कपाळापर्यंत आली. नक्कल, तीही गुडघ्याची. तीनशे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते. आता बाई काय बोलतात त्यावर सगळं होतं, हे त्यांना कळत होतं.

बाईंनी शिट्टी गळ्यातून काढून ट्रेमध्ये टाकली. खण्ण वाजली. मग सिस्टरपुढे हात केला. "आण एक गोळी. पहिली शिट्टीला."

क्षणभर कुणाला कळेना. मग मेसच्या मावशींनाच हसू फुटलं, आणि पाठोपाठ सगळी खोली फुटली. बाईंनी पाण्याबरोबर गोळी गिळली आणि म्हणाल्या, "कुणाच्याही घरी फोन जाणार नाही. माझा शब्द. आता बोला."

हात वर आला. दुसरा आला. "मॅडम, आम्ही तिघी एकाच कपात चहा घेतो." "मी तिची लिपस्टिक लावली." "मी तिचा च्युइंगगम..." "शी गं!" "तू गप्प बस, तूही घेतला होतास!" सिस्टर गोळ्या देत सुटली.

काडीनं आपली गोळी घेतली, पण ती जागची हलली नाही. गर्दी पांगल्यावर बाईंच्या कानाशी येऊन पुटपुटली, "मॅडम, उष्टं म्हणजे फक्त खाण्यापिण्याचंच का?"

बाईंना उलगडायला एक श्वास लागला.

"कुठं असतो तो?"

"मुलांच्या हॉस्टेलात. तिनं शपथ घातलीय, त्याचं नाव..."

"नाव नको सांगूस. मोडू नकोस शपथ. खोली सांग."

"वरच्या मजल्यावर, गच्चीच्या जिन्याला लागून. कालपासून माझे फोन उचलत नाहीये."

बाई गुडघा ओढत निघाल्या, मागून पिशवी सांभाळत सिस्टर. मुलांच्या हॉस्टेलचे रेक्टर दारातच आडवे आले. "अहो बाई, इथं बायकांना वर सोडत नाही. कोण पाहिजे ते सांगा, बोलावून घेतो. आणि प्रकरण काय आहे?"

"प्रकरण तापाचं आहे, सर. बाजूला व्हा, नाहीतर हात धरून जिना चढवा मला."

सर बाजूला झाले. बाईंनी कठडा धरून एकेक पायरी घेतली. गुडघ्यातून कळा निघत होत्या. वरच्या मजल्यावरचं शेवटचं दार आतून बंद. धडाधड थापा मारल्या. आत काहीतरी पडलं, कडी खरवडली, दार उघडलं. खिडकीवर चादर टांगलेली. पोरानं उजेड दिसताच डोळ्यांवर हात घेतला.

"डोकं दुखतंय," तो म्हणाला. "झोपू द्या ना."

सिस्टरनं कपाळाला हात लावला आणि पटकन काढून घेतला. "हनुवटी छातीला टेकव बघू."

त्यानं प्रयत्न केला. मान लाकडासारखी ताठ. हनुवटी अधांतरीच राहिली.

"गोळी नको आता, गाडी बोलवा!" सिस्टर ओरडली. जिन्यात हाशहुश करत पोचलेले सर परत खाली पळाले.

गाडीत पोराचं डोकं बाईंच्या मांडीवर होतं. मध्येच त्यानं डोळे किलकिले केले. "तिनं सांगितलं?"

"तिनं नाही. तिनं तोंड उघडलेलं नाही." बाईंनी चादर त्याच्या डोळ्यांवर ओढली. "गप्प पड."

दुपार सरता सरता डॉक्टर बाहेर आले. मुलीनं पाणी मागितलं होतं. मुलाचं अजून सांगता येत नव्हतं. "पण रात्रीपर्यंत तिथंच पडून राहिला असता, तर सांगायला काही उरलं नसतं. हा कोण हो तिचा? कसा काय संबंध?"

"उष्ट्याचा," बाई म्हणाल्या. "बाकी तिला बरी होऊ द्या. सांगायचं तर तीच सांगेल."

आणि त्या बाकावर बसल्या, गुडघा चोळत. मध्येच त्यांचा हात गळ्याशी गेला, रिकामाच परत आला, आणि बंद दाराकडे बघत त्यांनी तो मांडीवर ठेवला.