वारज्यातली नेरीस

माझ्या सासूबाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि मी बँकेत होतो. लग्नाला बरीच वर्षं होऊनही आमचं बोलणं चहा, तब्येत आणि रस्त्यावरची गर्दी यांपुढे गेलं नव्हतं. त्या नारायण पेठेत राहायच्या. एखाद्या रविवारी आमच्याकडे वारज्याला जेवायला यायच्या आणि जेवण झालं की पेपर घेऊन बसायच्या. भांडण कधीच नव्हतं, फक्त बोलायला विषय नव्हता.

त्या सुमारास मी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याचा टँक मांडला होता. त्यात समुद्रातले सच्छिद्र दगड, त्यांवर डोलणारी थोडी प्रवाळं आणि दोन नारिंगी मासे. एका सकाळी माशांना खायला टाकताना दगडाच्या भोकातून बोटभर लांबीचं, गुलाबीसर काहीतरी बाहेर आलं. दोन्ही बाजूंनी असंख्य पाय हलवत त्यानं एक तुकडा उचलला आणि ते आत गेलं. ते पुन्हा डोकावेपर्यंत मी फोन घेऊन टँकसमोर बसून राहिलो.

मी एक धूसर फोटो काढून हौशी लोकांच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकला. एकानं लिहिलं, ताबडतोब मारा, प्रवाळं खाऊन टाकेल. दुसऱ्यानं लिहिलं, अजिबात मारू नका, सफाई कामगार आहे. तिसऱ्यानं, हा फोटो कशाचा आहे, असं विचारलं. शेवटी मी ठरवलं की दगड काढून साध्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे आतलं सगळं बाहेर पडून मरेल.

"बादली धुण्याची घेऊ नकोस," एवढंच बायको म्हणाली.

तो नेमका सासूबाईंचा रविवार होता. पानं वाढली होती. बाथरूममध्ये बादली कशाला भरून ठेवली आहे, असं त्यांनी विचारलं.

"टँकमध्ये अळी झालीय, आई," मी म्हणालो. "तिला बाजूंनी पाय आहेत."

त्यांनी कालवलेला भात तसाच ठेवला. "अळी नव्हे. अळीचं पुढे फुलपाखरू तरी होतं. पाय सांधे असलेले आहेत की नुसते मांसल?"

मला सांगता येईना. त्या उठल्या, हात धुतले आणि मुलीला म्हणाल्या, "पडदे ओढ. घरात भिंग आहे का? आणि लाल कागद?"

भिंग माझ्या टेबलात होतं. आकाशकंदिलातून उरलेला लाल जिलेटीन कागद बायकोनं माळ्यावरून काढला. तो बॅटरीवर बांधून आम्ही तिघं भर दुपारी अंधार करून टँकसमोर बसलो. लाल उजेड या प्राण्यांना फारसा जाणवत नाही, असं सासूबाईंनी सांगितलं. मी कोळंबीचा तुकडा चिमट्यानं दगडाजवळ ठेवला. बऱ्याच वेळानं गुलाबी पाहुणा बाहेर आला.

सासूबाईंनी भिंग काचेला लावलं. "हे पांढऱ्या केसांचे झुपके पाहा. हात लावू नका, बोटात मोडतात आणि आग होते. हा उरलंसुरलं खाणारा दिसतोय. तुम्ही खायला फार टाकता, म्हणून माजलाय."

"म्हणजे मारायचा नाही?"

"तुम्हाला रोज टँक झाडायचा असेल तर मारा."

बायको तोंड फिरवून हसली. मी बॅटरी विझवणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं. पलीकडच्या भोकातून आणखी एक डोकं बाहेर आलं होतं. बायकोनं पडदा बोटभर सरकवला तेव्हा रंग दिसला: हे हिरवट होतं, त्यावर मोरपिसासारखी झाक होती. पुढे दोन जाड मिशा, मग बारीक मिशांचा झुबका, डोक्यावर चार काळे ठिपके. ते वाकून शेवाळ ओढत होतं.

सासूबाईंनी भिंग तिकडे नेलं. मग हळूच म्हणाल्या, "नेरीस आहे. निदान तिच्या कुळातली तरी."

मला नाव ठाऊक नव्हतं, गांडुळाच्या भावकीतला हा समुद्री प्राणी प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात असतो हेही नव्हतं. बायकोला होतं. लहानपणी घरात तपासायला आलेल्या पेपरांत तिनं त्याच आकृत्या पाहिल्या होत्या.

"जन्मभर शिकवली मी ही," सासूबाई म्हणाल्या. "बरणीतली. फॉर्मालिनमध्ये ती राखाडी होते, जुन्या सुतळीसारखी. मुलांना घेऊन किनाऱ्यावरही जायचे, पण मुलं मोजण्यातच ओहोटी संपायची. जिवंत आज पाहतेय." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "रंगाबद्दल मी वर्गात कधी काही सांगितलंच नाही. मलाच कुठे माहीत होता?"

त्यांच्या आवाजात खंत नव्हती, मजा वाटल्यासारखा तो सूर होता. नेरीसनं अंग थोडं बाहेर काढलं तेव्हा बाजूचे मांसल पाय एकामागून एक लाटेसारखे हलले. "परापाद," त्या पुटपुटल्या, आणि मग वर्गात सांगावं तसं मला सगळं समजावून दिलं. मीही मनापासून प्रश्न विचारले. वरण गार झालं ते बायकोनं पुन्हा गरम केलं, तेही गार झालं. ती म्हणाली, "तुमचं दोघांचं चालू द्या, मी जेवून घेते."

दगड बुडवायचा राहिला तो राहिलाच. सासूबाई पुढच्या रविवारी आल्या, त्याच्या पुढच्याही, आणि मग बुधवारीसुद्धा. येताना स्वतःचं चांगलं भिंग आणायच्या. माशांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

काही दिवसांनी त्यांनी मला बुधवार पेठेतल्या मत्स्यालयाच्या दुकानात न्यायला लावलं. मालक जुन्या पुणेकर मुसलमान घराण्यातले, वयानं सासूबाईंएवढेच. त्यांनी अदबीनं विचारलं, "बोला, काय दाखवू आपल्याला?"

"दगड. पण स्वच्छ नकोत, भोकं असलेले, घाणेरडे. आत काहीतरी राहत असलं पाहिजे."

मालकांनी चष्मा वर केला. "बाई, आमचं गिऱ्हाईक असे दगड परत आणून देतं."

"मग ते परत आलेलेच दाखवा."

त्यांनी आतून खुर्ची मागवली, मागची टाकी उघडली आणि स्वतः बाही वर करून एकेक दगड पाण्याखालीच फिरवून दाखवू लागले. त्यांनाही त्यात रस वाटायला लागला होता. दोघांनी मिळून एक दगड पसंत केला. मी फक्त झाकणाची बादली धरून उभा होतो. येताना रिक्षात ती बादली सासूबाईंनी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि वारज्यापर्यंत रिक्षावाल्याला प्रत्येक खड्डा आधीच सांगत राहिल्या.